फ्रेम ‘का’ आवडली हे शोधायचं कसं? (फोटो, पिक्चर, गेम तिन्ही)

पेठेतला_फोटोवाला:
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला, लग्नाची आणि प्री-वेडिंगची कामं करतो, म्हणजे सीझनभर रंकाळा, पन्हाळा, परत रंकाळा. रात्री घरी आलं की गेम नाहीतर पिक्चर. आता प्रश्न. कंपोझिशनवरचे, म्हणजे फ्रेममधल्या मांडणीवरचे व्हिडिओ बघून बघून डोकं आऊट झालंय. प्रत्येकजण कुठल्यातरी भारी पिक्चरची फ्रेम थांबवतो, त्यावर आडवे-उभे तीन-तीन भाग पाडणारी जाळी टाकतो, हिरोईनचा डोळा बरोबर रेघांच्या छेदावर आलाय म्हणून दाखवतो, मग वरनं ती गोल्डन रेशोची स्पायरल ठेवतो आणि झालं विश्लेषण. बरं, हीच जाळी मी आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या फ्लेक्सवर टाकून बघितली, तिथंपण अध्यक्षांचं नाक छेदावर बसतंय! मग चांगल्या फ्रेममध्ये आणि त्या फ्लेक्समध्ये फरक काय राहिला?

उदाहरण देतो म्हणजे कळेल. संध्याकाळी एका तालमीत फोटो काढायला गेलतो. हौदा, तांबडी माती, एका बाजूच्या खिडकीतनं तिरका उजेड. पहिला फोटो, पैलवान उजव्या छेदावर, माती उधळलेली, अंगावरचा घाम चमकतोय, सगळं कसं पुस्तकाप्रमाणं. दुसरा, पैलवान बरोब्बर मधोमध, आपल्याकडं पाठ, चेहरा दिसतच नाही आणि मागं भिंतीला टेकून वस्ताद बसलेत. ज्याला ज्याला दाखवलं तो दुसऱ्यावरच थांबतोय. मलापण तोच आवडतोय. पण का विचारलं तर ‘फील येतोय’ याच्यापलीकडं तोंडातनं काही निघत नाही. दोन्ही फोटो खाली जोडलेत.

तर फ्रेम बघून तिच्यात नेमकं काय चाललंय हे काढायची काही पद्धत असते का? फोटो, पिक्चर आणि गेमला एकच पद्धत चालते की वेगवेगळी? व्याख्या नकोत, त्या पाठ आहेत.

जुना_ब्रश:
दोन्ही फोटो बघितले रे बाळा. माझं आयुष्य बोर्ड आणि नाटकाचे पडदे रंगवण्यात गेलं, कॅमेऱ्यातलं मला काही कळत नाही पण नजर कशी पळते ते थोडंफार कळतं.

डोळे बारीक कर, अगदी पापण्यांच्या फटीतनं बघ. बारकावे जातात, उजेडाचे आणि काळोखाचे नुसते ठोकळे राहतात. आता पहिला फोटो बघ. वर डाव्या कोपऱ्यात खुंटीला पांढरा बनियन टांगलाय, दिसला? मागची भिंत धुरकटून काळी पडलेली आणि तिच्यावर हा झक्क पांढरा. अख्ख्या फोटोतलं सगळ्यात पांढरं आणि सगळ्यात काळं तिथं एकमेकाला चिकटलंय म्हटल्यावर नजर आधी तिथंच जाणार, पैलवान नंतर. पैलवान छेदावर असू दे नाहीतर आणि कुठं, तिथं बनियनच जिंकला.

दुसऱ्यात तू दोन पावलं सरकलायस आणि बनियन पैलवानाच्या पाठीआड गेलाय. पाठ मोठी, गडद, तिच्या एका कडेला खिडकीचा उजेड लागून बारीक पांढरी रेघ तेवढी उमटलीय. नजर त्या रेघेवरनं खांद्यापर्यंत चढते, तिथनं पलीकडं वस्तादांच्या चेहऱ्यावर जाते, आणि वस्ताद कुठं बघतायत? पैलवानाकडं. म्हणजे नजर फिरून परत पाठीवर. बाहेर पडायला वाटच नाही. वर पैलवानाचा चेहरा दिसत नाही म्हणून तो कसा खेळतोय हे वस्तादांच्या तोंडावर वाचावं लागतं, त्याला वेळ लागतो, म्हणून माणूस थांबतो. तुझा तो फील म्हणजे एवढंच.

आता मी म्हणतो ते खरं का खोटं हे तूच बघ. पहिल्या फोटोतल्या बनियनवर अंगठा ठेव. फोटो सुधारला तर मी बरोबर, नाही सुधारला तर कारण आणि कुठंतरी आहे, तिथं अंगठा ठेव. मग फोटो डोकं खाली करून बघ, म्हणजे पैलवान-वस्ताद विसरून नुसता तोल दिसेल. आम्ही पडदा रंगवताना आरशात बघायचो, तेच हे. झाकायचं, उलटं करायचं, कापायचं, आणि काय बिघडलं ते बघायचं. नुसत्या रेघा मारून काही कळत नसतं कारण रेघा कशावरपण बसतात, तुझ्या अध्यक्षांच्या नाकावरसुद्धा.

त्या जाळीचं, म्हणजे एकतृतीयांशाच्या नियमाचं म्हणशील तर जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकारानं १७९७ च्या पुस्तकात ते लिहिलं, आणि तेही खेड्यातल्या निसर्गचित्रांबद्दल, जमीन किती घ्यावी, आकाश किती घ्यावं असल्या हिशोबानं. ‘छेदावर डोळा ठेवा’ ही नंतरच्या लोकांची भर.

आपल्या बाबूराव पेंटरांचं बघ की. आधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे, मग स्वतः कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० ला ‘सैरंध्री’. पडदे रंगवणाऱ्याला एक पक्कं ठाऊक असतं, शेवटच्या रांगेतल्याला नाक-डोळे दिसत नाहीत, ठोकळे दिसतात. त्यांचा १९२५ चा मूक ‘सावकारी पाश’ आज बघायला मिळत नाही, पण पुढं त्याचाच बोलपट झाला, तो बघितलेल्या जाणकारांना मिणमिणत्या उजेडातली झोपडी आणि तिथलं कुत्र्याचं रडणं आठवत राहिलं. आवाज कुत्र्याचा, पण झोपडी डोळ्यापुढं राहिली ते काम काळोखाचं.

फोकस_धरणारा:
काका एक नंबर 🙏 बनियन मला पहिल्यांदा दिसलाच नव्हता, म्हणजे दिसला होता पण कळलं नव्हतं.

मी इकडंच मालिकांच्या सेटवर कॅमेरा डिपार्टमेंटला असतो, त्यामुळं पिक्चरचं सांगतो. फोटोत बघणाऱ्याला वेळ भरपूर असतो, पिक्चरमध्ये तो वेळ दुसरा कोणीतरी ठरवतो. त्यामुळं एकच फ्रेम थांबवून तिच्यावर चर्चा करणं मला अर्धवट वाटतं. ती फ्रेम एकटी नसतेच की, तिच्या आधी एक शॉट असतो नंतर एक असतो. दोनेक मिनिटांचा एखादा सीन घे, आवाज बंद कर आणि प्रत्येक कटला एवढंच लिही की शॉट संपताना नजर पडद्यावर कुठं होती आणि पुढचा शॉट चालू झाल्यावर कामाची गोष्ट कुठं होती. जिथं या दोन जागा जवळजवळ असतात तिथं कट जाणवत नाही, जिथं लांब असतात तिथं झटका बसतो, आणि तो झटका मुद्दाम दिलाय की चुकून बसलाय हे शोधणं म्हणजेच विश्लेषण.

‘मॅड मॅक्स फ्युरी रोड’ (२०१५) बघ. दिग्दर्शक जॉर्ज मिलरनं कॅमेरावाल्यांना सांगून ठेवलेलं की महत्त्वाचं जे काय असेल ते फ्रेमच्या मधोमध ठेवा. छेद-बिद काही नाही. कारण मार्गारेट सिक्सेलनं एडिट एवढं झटपट कापलंय की नजरेला शोधायला वेळच नाही, दरवेळी मधेच बघायचं हे दोन मिनिटांत अंगवळणी पडतं, आणि मग धूळ, गाड्या, स्फोट सगळं चालू असतानापण कोण कुठं आहे ते कळतं. त्यातली एकेक फ्रेम सुटी बघितली तर म्हणशील हे काय, सगळं मधे कोंबलंय.

एकदम उलटं बघायचं असेल तर ‘फँड्री’. शेवटाकडं मारलेलं डुक्कर बांबूला बांधून घरची माणसं शाळेच्या भिंतीसमोरनं नेतात, आणि भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई आणि आपले शाहू महाराज रंगवलेले. तिथं कट नाही, क्लोजअप नाही, कोणी बोटानं दाखवत नाही. माणसं आडवी चालत जातायत, भिंतीवरचे चेहरे जागेवर आहेत, आणि हे दोन्ही एकाच फ्रेममध्ये आहेत हे तुमचं तुम्ही जोडायचं. आता काकांचा अंगठा तिथं लावून बघ, भिंत झाकली तर काय उरतं? डुक्कर नेणारी माणसं. म्हणजे अख्खा अर्थ बॅकग्राऊंडला ठेवलाय, आणि बॅकग्राऊंड ब्लर करायची आजकालची जी सवय आहे ना, लेन्सचं छिद्र मोठं उघडून एक पॉइंट चारला लावा आणि मागचं लोणी करून टाका, ती सवय असती तर हा शॉट झालाच नसता.

तिसरं डोक्यावरच्या जागेचं. ‘इडा’ म्हणून पोलिश पिक्चर आहे २०१३ चा, ब्लॅक अँड व्हाईट, जुन्या चौकोनी साईजमध्ये. त्यात माणसं फ्रेमच्या पार तळाला आणि वर नुसती रिकामी भिंत नाहीतर आभाळ. आमच्या सेटवर असं लावलं तर दुसऱ्या दिवशी घरी पाठवतील 😄 पण तिथं ती मुलगी नन व्हायला निघालेली आहे, आणि तिच्या डोक्यावरचं ते रिकामं सतत जाणवत राहतं.

मालिकेत सगळेच क्लोजअप का असतात यावर लोक हसतात. बघणारी मावशी भाकरी थापता थापता बघत असते हो, तिची नजर दर वेळी नव्यानं टीव्हीवर येते, तिला रुंद फ्रेम देऊन उपयोग काय. फ्रेम कोण बघणार आणि कुठल्या अवस्थेत, हेपण धरायला पाहिजे.

बिंदूचौकातला_बाळ्या:
भावा एवढं डोस्कं कशाला लावतोयस, नाद खुळा दिसलं की क्लिक मारायचं. मिसळ खाताना कोण तर्री मोजत बसतंय का, आवडली की अजून एक पाव मागवायचा. लगा, फोटो काढायला लागतंय काय त्यात

अल्बमवाली:
बाळ्या, खाणाऱ्यानं नाही मोजायची तर्री. करणाऱ्याला मोजावीच लागते की, आणि फोटोवाला हॉटेल चालवतोय.

मी अल्बम डिझाईन करते, निम्म्या जिल्ह्यातली लग्नं माझ्या कॉम्प्युटरवरनं गेलीत म्हटलं तरी चालेल. काकांचं उजेड-काळोखाचं पटलं पण त्यात एक भर घालायची होती. नजरेला नुसती फ्रेम नेत नाही, बघणारा काय शोधतोय तेपण नेतं. आल्फ्रेड यार्बस नावाचा रशियन शास्त्रज्ञ होता, त्यानं लोकांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या, १९६७ ला त्याचं पुस्तक इंग्रजीत आलं. त्यानं एकच चित्र, रेपिन नावाच्या चित्रकाराचं, एकाच माणसाला पुन्हा पुन्हा दाखवलं आणि दरवेळी प्रश्न बदलला. यातल्या माणसांची वयं सांगा म्हटलं की नजर चेहऱ्यांवर फिरली, हे घर श्रीमंत आहे का विचारलं की तीच नजर फर्निचर आणि कपड्यांवर गेली. चित्र तेच, वाट वेगळी.

आता लग्नाचा फोटो घ्या. नवरीच्या आईसमोर ठेवला की पैठणीचा पदर नीट दिसतोय का, ठुशी कॉलरमागं गेली का. मामा आधी स्वतःला शोधतात, ते नसले तर फोटोच वाईट! नवऱ्याचे मित्र, त्यांचं जाऊ दे. नवरा-नवरी मात्र एकमेकांचे चेहरे बघतात, आणि ते चेहरे जर खालच्या बाजूला झुकलेले, डोळे मिटलेले असतील तर तुमचा बॅकलाईट कितीही सोनेरी असू दे, पान बदला म्हणून फोन येतो. म्हणून मी एक करते, फोटो दाखवून लगेच झाकते आणि विचारते काय काय दिसलं सांगा. फोटोतलं काहीच माहीत नसलेल्या माणसाला विचारायचं, घरातल्यांना नाही. तो ज्या क्रमानं सांगेल तो तुमच्या फ्रेमचा खरा क्रम. तुमच्या तालमीच्या दुसऱ्या फोटोला मी शेजारच्या दुकानातल्या पोराला विचारलं, तो म्हणाला ‘पाठ, म्हातारबा, माती’. पहिल्याला म्हणाला ‘पैलवान… आणि ते कपडे वाळत घातलेत ते’. 🤷‍♀️

जुना_ब्रश:
कपडे वाळत घातलेत! झालं. पोराला माझ्याकडनं चहा.

उद्यमनगर_ते_पुणे:
उशिरा आलो, गेमचं कोणी बोललंच नाही म्हणून लिहितोय. मी पुण्यात एका छोट्या गेम स्टुडिओत लेव्हल डिझाईन करतो, म्हणजे खेळणारा फिरतो त्या जागा रचतो.

गेममध्ये घोळ असा की कॅमेरा खेळणाऱ्याच्या अंगठ्याखाली असतो. तुम्ही कितीही सुंदर फ्रेम लावा, तो जमिनीकडं बघत उड्या मारत जाणार. त्यामुळं आम्ही फ्रेम लावत नाही, जागा लावतो, म्हणजे तो कुठनंही बघू दे, त्याच्या नजरेला पडेल असं काहीतरी उभं करून ठेवतो. ‘जर्नी’ (२०१२) खेळलाय का? पहिल्याच टेकडीवर चढलं की लांब डोंगर दिसतो, माथ्यावर उजेडाची फट. कुठं जायचं ते कोणी सांगत नाही, नकाशा नाही, बाण नाही, पण सगळे तिकडंच चालायला लागतात. ‘हाफ-लाईफ २’ मध्ये तेच काम शहरातला तो उंच टॉवर करतो.

माझ्या मते सगळ्यात हुशार काम ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (२०१७) वाल्यांचं. त्यांनी जपानमधल्या एका कॉन्फरन्सला सांगितलेलं की मैदानभर त्रिकोण पेरलेत. टेकड्या, दगड, सगळे त्रिकोणी. त्रिकोण समोर आला की खेळणाऱ्यापुढं दोनच गोष्टी, वर चढायचं की वळसा घालायचा, आणि दोन्हीकडनं मागची वस्तू हळूहळू दिसायला लागते. म्हणजे झाकण्याला त्यांनी कामाला लावलं. तुमचा बनियन पाठीआड गेला ना, त्याचंच हे हलतं रूप, फक्त इथं लपवलेली गोष्ट दिसावी अशीच इच्छा असते.

याचं जिवंत उदाहरण आपल्याकडं आहे, खासबाग मैदान. शाहू महाराजांनी रोमचं कलोझियम बघितल्यावर बांधायला घेतलं, १९१२ ला सुरू झालं. गोल, मधे हौदा, चारी बाजूंनी उतार. कुठंही बसा, पुढच्याचा फेटा आड येत नाही आणि मान कुठंही वळवली तरी उतार नजरेला परत खाली हौद्याकडं आणतो. बघणारा मोकळा आहे, तरी हजारो लोक एकाच ठिकाणी बघतायत. आमच्या टीममधल्या पोरांना बॉस फाईटचं, म्हणजे मोठ्या शत्रूशी लढायचं रिंगण कसं करायचं हे मी गूगलवरचे खासबागचे फोटो दाखवून सांगितलंय.

स्क्रीनशॉट घेऊन विश्लेषण करत असाल तर एक लक्षात ठेवा, फोटो मोडमध्ये, म्हणजे खेळ थांबवून कॅमेरा हवा तसा फिरवून काढलेला स्क्रीनशॉट हा तुमचा फोटो आहे, गेमचं कंपोझिशन नाही. गेमचं बघायचं तर मित्राला खेळायला बसवा, स्वतः मागं उभं राहा आणि दार उघडल्यावर तो आधी कुठं वळतो ते बघा. पबजीत आपल्या गड्याला मागनं दाखवणारा कॅमेरा त्याच्या उजव्या खांद्यावर असतो, त्यामुळं आपला गडी जरा डावीकडं आणि उजवीकडं जागा मोकळी. ही फ्रेम नुसती दिसायला नाही, तिचा खेळावर परिणाम होतो, भिंतीच्या उजव्या कडेनं डोकावणाऱ्याला अंग कमी काढावं लागतं. कंपोझिशनमुळं माणूस मरतो असं एकच क्षेत्र 😂

आणि त्या पिवळ्या रंगावर माझा राग आहे. चढायची प्रत्येक कड, फोडायची प्रत्येक पेटी पिवळ्या पट्ट्यांनी रंगवायची हल्ली टूम आहे. ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ च्या २०२३ च्या नव्या आवृत्तीवर यावरनं बरीच भांडणं झाली. माझं म्हणणं, पिवळा मारावा लागला म्हणजे उजेडानं आणि आकारानं जे काम व्हायला पाहिजे होतं ते झालं नाही.

फोकस_धरणारा:
पिवळ्याचं नाही पटत. माझा बाप गेम खेळत नाही, त्याला कंट्रोलर दिला तर पिवळं नसेल तर तो पहिल्याच खोलीत भिंतीला डोकं आपटत बसेल. बारीक बारीक डिटेल आता एवढे वाढलेत की खरी पेटी आणि शोभेची पेटी सारखीच दिसते, मग काय करणार?

उद्यमनगर_ते_पुणे:
तेच म्हणतोय की, शोभेच्या पेट्या कमी करा. पण ते आर्टवाल्यांना सांगायचं कोणी.

पेठेतला_फोटोवाला:
अरे बाप रे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. काका, अंगठा ठेवला आणि खरंच पहिला फोटो एकदम शांत झाला. तरी दुसराच जास्त आवडतोय, वस्तादांमुळं असणार. अल्बमवाली ताई, तुमचं झाकून विचारायचं आजपासून चालू.

एक राहिलंच. आता निम्मी पार्टी म्हणते रील पाहिजे, उभं. आडव्या फ्रेममध्ये जे काय बसवतो ते उभ्यात कापलं की सगळं मोडतंय. पंचगंगा घाटावर या रविवारी शूट आहे, तिथं काय करू?

अल्बमवाली:
दोघांना शेजारी उभं करू नका, उभ्या फ्रेममध्ये खांद्याला खांदा चेपतात आणि वर-खाली दोन्हीकडं जागा वाया जाते. घाटाला पायऱ्या आहेत की, एकाला चार पायऱ्या खाली बसवा एकाला वर उभं करा, म्हणजे नजर वरनं खाली उतरते, उभ्या फ्रेमला तेच सोपं जातं. दीपमाळ मागं घ्या पण दोघांच्या मधे येऊ द्या, कुणाच्या डोक्यातनं उगवलेली दिसायला नको. खालच्या पट्टीवर कॅप्शन आणि उजव्या कडेला लाईकची बटणं बसतात त्यामुळं मेंदीचे हात, पदराची कड असलं काही तिथं ठेवू नका. आणि आडव्यातनं उभं कापायच्या भानगडीत पडू नका, उभ्याचा टेक वेगळा घ्या.

फोकस_धरणारा:
आणि वेगळ्या टेकचे पैसे आधीच सांग. नंतर सांगितलं की ‘एवढं फोन उभा तर धरायचा होता’ म्हणतात.

पेठेतला_फोटोवाला:
हेच म्हणतात, शब्द न शब्द 😭 कोटेशनमध्ये वेगळी ओळ टाकतो. घाटाचे फोटो सोमवारी इथंच लावतो, अंगठे घेऊन या.